कोंकणच्या पावसांतला गांवठी गुलाब

ठाण्याची खाडी आणि पारसिकची डोंगररांग यांच्या मधल्या पट्टींत शिरवणें हें आगरी-कोळी वस्तीचें जुनें गांव आहे. एके काळीं या पट्टींत भातखाचरें व मिठागरें पसरलेलीं होतीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. आणि पुढें नेरूळ-जुईनगरच्या वसाहतींनीं शिरवण्यास वेढून टाकलें. अंगण गेलें, त्याच्या जागीं ओटा राहिला. ओटा गेला, त्याच्या जागीं सज्जा आला. पण दाराशीं एखादें फुलझाड असावें ही हौस कांहीं गेली नाहीं. ती आतां कुंडींत येऊन राहिली आहे.

या कुंडींत गुलाब लावणाऱ्यांचा अनुभव मात्र बहुधा सारखाच असतो. डिसेंबरांत रोपवाटिकेंतून टपोऱ्या कळ्यांनीं भरलेलें कलम घरीं येतें. जानेवारींत तळहाताएवढें फूल उमलतें. घरांतलीं माणसें तें कौतुकानें नाकाशीं नेतात, आणि वास न आल्यामुळें किंचित् हिरमुसतात. मे महिन्याच्या उन्हांत झाड कसेंबसें तग धरतें. जुलैंत त्याचीं पानें पिवळीं पडून गळतात, फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत येतात, आणि गणपतीच्या दिवसांत कुंडी रिकामी होते. मग कोणी मातीला दोष देतो, कोणी पाण्याला, तर कोणी आपल्या हातालाच गुण नाहीं असें म्हणून स्वस्थ बसतो. वास्तविक चूक झालेली असते ती बहुतेक वेळां निवडींत. कोंकणच्या पावसाशीं ज्याचें जमत नाहीं असा गुलाब आणून त्याची कितीही उस्तवार केली, तरी तो पाहुणा म्हणून येतो आणि पाहुण्यासारखाच निघून जातो.

हवेचा विचार आधीं करावयास हवा. या परिसरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारें ९० ते १०० इंच पाऊस पडतो. थंडी नांवापुरतीच, पौष महिन्यांतही रात्रीचें उष्णमान १५ अंश सेंटिग्रेडच्या फारसें खालीं उतरत नाहीं. पाऊस नसेल तेव्हांही खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यांत दमटपणा असतोच. याच्या उलट, अत्तरासाठीं व गुलाबपाण्यासाठीं जगभर नांवाजलेला दमास्क गुलाब पाहावा. बल्गेरियांतील कझानलूकचें खोरें, तुर्कस्तानांतील इस्पार्ता, आपल्याकडे राजस्थानांतील पुष्कर, अशा ठिकाणीं तो शेतांतून पिकतो. एक किलो अत्तर मिळविण्यास त्याचीं सुमारें साडेतीन ते चार हजार किलो फुलें लागतात. पण त्याचा मुख्य बहर वर्षांतून एकदांच, आणि त्यापूर्वीं हिंवाळ्याची खरी विश्रांति त्याला मिळावी लागते. घाटावरच्या कोरड्या हवेची गोष्ट निराळी. मोगल अमदानींत नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचें शहर, असें नांव होतें. किनाऱ्यावर मात्र दमास्कला पाला भरपूर फुटतो आणि मनाजोगता बहर येत नाहीं.

गुलाबाचें दुसरें मोठें घराणें चीनमधलें. तेथील बागांतून शतकानुशतकें जोपासलेले हे गुलाब उबदार हवेंत जवळजवळ बाराही महिने फुलत राहतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ते युरोपांत पोंचले. त्यांतील कांहीं कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाच्या वाटेनें गेले असें मानलें जातें. त्यांच्यापैकीं ‘ओल्ड ब्लश’ या फिकट गुलाबी जातीची संपूर्ण आनुवंशिक लिपि २०१८ सालीं शास्त्रज्ञांनीं वाचून काढली. या चिनी घराण्याचा गुण सातत्याचा. सुगंध मात्र सौम्य. दमास्ककडे सुगंध होता, पण सातत्य नव्हतें. या दोन घराण्यांची सोयरीक जुळणें एवढेंच बाकी होतें.

ती जुळली हिंदी महासागरांतील एका लहानशा बेटावर. मादागास्करच्या पूर्वेस रेयुनियों नांवाचें फ्रेंच बेट आहे. त्याचें जुनें नांव बुर्बों. तेथील शेतकरी शेताच्या कडेला गुलाबाचें कुंपण लावीत, आणि त्या कुंपणांत चिनी गुलाबी जात व शरदांत पुन्हा फुलणारा दमास्क शेजारीं शेजारीं वाढत. या दोहोंच्या संकरांतून एक नवें झाड आपोआप उगवलें. १८१७ सालीं तेथें आलेल्या ब्रेओं या फ्रेंच वनस्पतिज्ञाच्या तें नजरेस पडलें आणि त्यानें त्याचें बी पॅरिसजवळ जाक नांवाच्या राजघराण्याच्या माळ्याकडे पाठविलें, अशी हकीकत सांगितली जाते. या बियांपासून पुढें बुर्बों गुलाबांचा एक मोठा वर्गच युरोपांत निर्माण झाला. मूळ बेटावरच्या झाडाला ‘रोझ एडुआर’ असें नांव मिळालें. हिंदुस्थानांत त्याचा उच्चार बदलून ‘एडवर्ड’ झाला. आणि गांवठी किंवा देशी गुलाब या नांवानें जीं झाडें ओळखलीं जातात, त्यांत या एडवर्डचा भरणा मोठा आहे.

बाजारांत गांवठी हें विशेषण एकाच झाडाला लावलें जात नाहीं, म्हणून खूण माहीत असलेली बरी. एडवर्डचें फूल गडद गुलाबी, वाटीसारखें, सुमारें अडीच-तीन इंच रुंद असतें. तें बहुधा लहान घोसांत येतें. पाकळ्या नाजुक असतात आणि एक-दोन दिवसांतच गळून पडतात. फुलदाणींत तें शोभत नाहीं, हारांतही फार वेळ टिकत नाहीं. पण पहाटे तें उमललें म्हणजे सज्जांत कोणीतरी गुलाबपाणी शिंपडल्यासारखें वाटतें. मोकळ्या जमिनींत झाड पुरुषभर उंच होतें; कुंडींत ठेवून शेंडे खुडीत राहिल्यास तें तीन फुटांच्या आंत आटोपशीर राहतें.

गुलाबाच्या अभ्यासकांनीं जुने व नवे अशी सीमा १८६७ या सालावर आंखली आहे. त्या वर्षीं फ्रान्समध्यें गियो या बागाइतानें ‘ला फ्रान्स’ ही जात पुढें आणली आणि तिच्यापासून आजच्या मोठ्या फुलांच्या संकरित गुलाबांचा काळ मोजतात. त्या सालापूर्वीं जे वर्ग प्रचारांत होते ते सारे जुने गुलाब. नव्या गुलाबांपैकीं पुष्कळ सुगंधी आहेत हें खरें. तथापि व्यापारासाठीं जे निपजविले गेले, त्यांत लांब देंठ, टणक पाकळी, आठवडाभर टिकणारें फूल आणि खोक्यांत भरून दूर पाठवितां येण्याची सोय यांनाच अधिक मान मिळाला. सुगंधाकडे कोणी मुद्दाम पाठ फिरविली असें नाहीं. पिढ्यान्-पिढ्या निवड करतांना त्याची कोणी विचारपूस केली नाहीं, इतकेंच. आणि ज्याची विचारपूस होत नाहीं तें घरांतून हळूहळू नाहींसें होतें.

गुलाबाचा वास हा एकच पदार्थ नव्हे. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, नेरॉल, फेनिल-एथिल अल्कोहोल अशीं अनेक द्रव्यें त्यांत असतात. यांतील शेवटचें द्रव्य पाण्यांत चांगलें विरघळतें. म्हणून गुलाबपाण्याचा वास आणि अत्तराचा वास यांत फरक जाणवतो. ही द्रव्यें पाकळींत साठवून ठेवलेलीं नसतात. पाकळी तीं तयार करून हवेंत सोडीत असते. २०१५ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं दोन गुलाबांची तुलना केली. एक सुगंधानें प्रसिद्ध असलेला, दुसरा जवळजवळ निर्गंध. पहिल्याच्या पाकळींत एक विशिष्ट वितंचक जोमानें काम करीत होतें. दुसऱ्यांत तें जवळजवळ निजलेलें होतें. जिरॅनिऑल व त्याच्या जातीचीं द्रव्यें तयार होण्याची गुरुकिल्ली या वितंचकाकडे आहे असें त्यांना आढळलें. याचा घरगुती अर्थ असा कीं, ज्या जातीला मुळांत वास नाहीं तिला कितीही खत घातलें तरी वास येणार नाहीं. माळ्याचें कौशल्य सुगंध राखूं शकतें, नसलेला निर्माण करूं शकत नाहीं.

निवडीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे झाडाचें मूळ. रोपवाटिकेंतला गुलाब बहुधा एकाच झाडाचा नसतो. खालीं काटक जातीचा खुंट असतो आणि त्यावर मोठ्या फुलाच्या जातीचा डोळा भरलेला असतो. भारतांत खुंटासाठीं ज्या जाती वापरतात त्यांत एडवर्डही आहे. मग कधीं कधीं असें घडतें कीं, पावसाळ्यांत वरचें कलम मरतें, सांध्याच्या खालून नवा जोमदार फुटवा येतो, आणि दुसऱ्या वर्षीं त्याला लहान, पण घमघमणारीं गुलाबी फुलें लागतात. घरांतलीं माणसें म्हणतात, झाड बिघडलें. खरें पाहतां, जें या हवेंत टिकणारें नव्हतें तें गेलेलें असतें, आणि जें टिकणारें होतें तें राहिलेलें असतें. अर्थात् प्रत्येक खुंट सुगंधी असतोच असें नाहीं. फूल पाहिल्यावांचून फुटवा तोडूं नये, एवढेंच.

यावरून सरळ धडा असा निघतो कीं, कोंकणांत गुलाब स्वतःच्या मुळावर वाढविलेला बरा. असें झाड पावसानें जमिनीपर्यंत मेलें, तरी मुळापासून जें फुटतें तें तेंच झाड असतें. एडवर्ड फांदीपासून सहज होतो. ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळीं पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, पक्व फांदीचे सहा ते आठ इंच लांबीचे तुकडे घ्यावे. प्रत्येक तुकड्यावर चार-पांच डोळे असावे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खालीं सरळ द्यावा, वरचा तिरपा द्यावा, म्हणजे उलटसुलट होण्याची भीति राहत नाहीं. वरचीं दोन पानें ठेवून बाकीचीं काढावीं, आणि निम्मा तुकडा निम्मी वाळू मिसळलेल्या मातींत खोचून कुंडी सावलींत ठेवावी. माती ओलसर असावी, चिंब नसावी. चार ते सहा आठवड्यांत मुळें धरतात. पण नवीं पानें दिसतांच उपटून पाहण्याचा मोह आवरावा आणि तीन महिने रोप हलवूं नये. सहा तुकडे लावले म्हणजे दोन-तीन तरी हातीं लागतात. पावसाळ्यांत हेंच काम गुटी बांधूनही साधतें.

मोठ्या झाडासाठीं बारा इंची मातीची कुंडी पुरते. तिच्या तळाला मोकळें भोंक असावें व त्यावर खापरीचे तुकडे पसरावे. दोन भाग चांगली तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत आणि एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा बारीक चुरा असें मिश्रण भरावें. खाडीलगतची काळी चिकण माती कितीही सुपीक दिसली तरी कुंडींत घालूं नये. ती पाणी धरून ठेवते व तींत क्षार असतात. विंधण-विहिरीच्या मचूळ पाण्याविषयींही हीच सावधगिरी हवी. कुंडीच्या कडेवर पांढरी पापुद्री दिसूं लागली तर क्षार सांचत आहेत असें समजून गोडें पाणी भरपूर घालून ते धुवून काढावे. गुलाबाला रोज पांच-सहा तास ऊन हवें, आणि तें सकाळचें असेल तर सर्वांत उत्तम. म्हणून पूर्वेकडचा सज्जा त्याला मानवतो. पश्चिमेच्या सज्जांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर एखादा पातळ पडदा लावावा.

खरी परीक्षा पावसाळ्याची. गुलाब पाण्यानें मरत नाहीं. पाण्यामुळें मुळांना हवा मिळत नाहीं म्हणून मरतो. कुंडीखालची बशी जून लागतांच काढून टाकावी. ती काढल्यानें मुळें वांचतात, आणि सांचलेल्या पाण्यांत डेंग्यूच्या डासांची पैदास होत नाहीं हा दुसरा लाभ. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी आणि जेथें उजेड व वारा आहे पण पागोळीची धार नाहीं अशी जागा तिला द्यावी. या दिवसांत खत घालूं नये. तें वाहून जातें आणि उरलेल्यानें जी लुसलुशीत फूट येते ती प्रथम रोगाला बळी पडते. पानांवर काळे ठिपके पाडणारी बुरशी हा पावसाळ्यांतला मुख्य शत्रु. पान सुमारें सात तास सतत ओलें राहिलें कीं तिचे बीजाणु पानांत शिरतात. जुलैंत पान दिवसच्या दिवस ओलें असतें, तेव्हां एडवर्डही यांतून सर्वस्वी सुटत नाहीं. पण पडलेलीं पानें वेळच्या वेळीं उचलून टाकलीं आणि झाडांत वारा खेळता ठेवला, तर तो पानें टाकूनही जीव धरून राहतो व भाद्रपदाच्या उघडिपींत पुन्हा पालवतो. पावसाळ्यांत झाड कुरूप दिसलें म्हणून तें मेलें असें मानून फेकून देऊं नये. अशा घाईनेंही पुष्कळ गुलाब प्राणांस मुकले आहेत.

पाऊस सरला कीं, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्याला, छाटणी करावी. आधीं वाळलेल्या, काळ्या पडलेल्या व आंतल्या बाजूस वळलेल्या फांद्या काढाव्या. मग राहिलेल्या फांद्या सुमारें एक तृतीयांश उतराव्या. नव्या संकरित गुलाबांना देतात तशी कठोर छाटणी जुन्या जातींना मानवत नाहीं. काप धारदार कात्रीनें, बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच घ्यावा. जाड फांदीच्या कापावर मोरचूद व चुना यांचें मलम लावावें. नाहीं तर त्या वाटेनें मर शिरते आणि फांदी वरून खालीं काळी पडत जाते. त्याच वेळीं वरची दोन इंच माती काढून तेथें शेणखत, मूठभर हाडांचा चुरा व मूठभर निंबोळी पेंड घालावी. सहा-सात आठवड्यांत, म्हणजे डिसेंबरच्या आरंभीं, पहिला बहर येतो. पुढें मार्चपर्यंत महिन्यांतून एकदां पेंडीचें पातळ पाणी दिलें आणि सुकलेलें फूल दोन पानांसह खुडीत राहिलें, म्हणजे बहरामागून बहर येत राहतो.

उन्हाळ्यांत पाणी सकाळीं, मुळाशीं व भरपूर द्यावें. बोट मातींत खुपसून पाहावें, इंचभर खालीं कोरडें लागलें तरच पाणी घालावें. याच दिवसांत तांबडा कोळी पानांच्या पाठीमागें जाळें विणतो व कळ्यांत फुलकिडे शिरतात. सकाळीं पानांच्या खालच्या अंगावर पाण्याचा फवारा मारला तर कोळ्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. त्यानें भागलें नाहीं तर एक लिटर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळी तेल व चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळच्या वेळीं फवारावें. घरच्या गुलाबावर विषारी औषधें न मारण्याला एक विशेष कारण आहे, तें म्हणजे त्याच्या पाकळ्या पोटांत जाण्याजोग्या असतात.

फूल केव्हां तोडावें हेंही जाणण्यासारखें आहे. सुगंधी द्रव्यें उडून जाणारीं असल्यामुळें ऊन चढतां चढतां तीं विरळ होतात. म्हणूनच पुष्करचे शेतकरी काय आणि कझानलूकचे काय, दोघेही भल्या पहाटे तोडणीला लागतात. सज्जांतलें फूलही सूर्य वर येण्यापूर्वीं घ्यावें. एका झाडाचीं फुलें गुलकंदाला पुरत नाहींत, पण चार-पांच कुंड्या असतील तर एक लहान बरणी सहज भरते. पाकळ्या पुसून कोरड्या कराव्या, त्यांच्या वजनाइतकी दळलेली खडीसाखर घ्यावी, कांचेच्या स्वच्छ बरणींत एकाआड एक थर द्यावे आणि तीन-चार आठवडे रोज ऊन दाखवून कोरड्या चमच्यानें हलवावें. फुलवाल्याकडच्या मोठ्या गुलाबांचा गुलकंद करूं नये. त्यांवर काय फवारलें आहे हें घेणाऱ्यास ठाऊक नसतें आणि वासही नसतो.

जुन्या गुलाबाचें रक्षण करण्यास मोठें उद्यान लागत नाहीं, ही त्यांतली सर्वांत समाधानाची गोष्ट आहे. बागेंतल्या जाती बियांनीं टिकत नाहींत. बी पेरलें कीं संतति निराळी निघते. त्या टिकतात फांदीनें, म्हणजे एका दारांतून दुसऱ्या दारांत दिल्या-घेतल्यानें. रेयुनियोंच्या कुंपणांतून निघालेलें झाड कोंकणच्या ओट्यापर्यंत येऊन पोंचलें तें असेंच. आतां शिरवण्यासारख्या गांवांतून जुनीं घरें पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. घर पाडलें जातें तेव्हां भांडीं, कपाटें, देव्हारा हें सारें हलविलें जातें; दाराशीं असलेलें झाड मात्र जाग्यावरच राहतें व मातीखालीं जातें. तें वर्षानुवर्षें शंभर इंच पाऊस सोसून जगलेलें असतें, आणि या हवेला काय मानवतें याची त्याहून खात्रीची परीक्षा दुसरी नाहीं. घर सोडण्यापूर्वीं त्याच्या सहा फांद्या कापून तीन शेजाऱ्यांकडे लावल्या, तर तें झाड गेलें असें होत नाहीं. एका कुंडींतलें झाड मेलें तरी दुसऱ्या सज्जांतून त्याची फांदी परत मागतां येते. म्हणून ज्याच्याकडे गांवठी गुलाब आहे त्यानें येत्या ऑक्टोबरांत छाटलेल्या फांद्या कचऱ्यांत टाकूं नयेत. आणि ज्याच्याकडे नाहीं त्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं शेजारीं विचारावें.